शीळमावशीचे दात

बायकांच्या जातीनं शीळ घालू नये, असं आत्यानं लहानपणी बजावलं तेव्हा मावशीनं मान डोलावली आणि हो म्हणायच्या ऐवजी शीळच घातली. पाठीत धपाटा बसला. धपाटा विरला, शीळ राहिली. पुढे त्याच शिळेवर तिचं पोट चाललं, लग्न जमलं आणि नावही पडलं. खरं नाव मुकादमाला पगाराच्या दिवशी डोकं खाजवून आठवावं लागायचं. एरवी वखारीत, गल्लीत, सासरी आणि माहेरी ती शीळमावशी.

वखार लाकडाची. मिठीत न मावणारे ओंडके ट्रकमधून उतरवायचे, थप्पी लावायची, थप्पीतले उचलून करवतीकडे द्यायचे, हे सगळं एका जुन्या क्रेनच्या जिवावर. आता क्रेनवाल्याची गंमत अशी, की तो बसतो सगळ्यांच्या वर आणि त्याला दिसतं सगळ्यांत कमी. थप्पीच्या आड काय आहे, आकड्याखाली कोण उभं आहे, हे वरून कळत नाही. म्हणून खाली एक माणूस लागतो. तो सांगेल तेवढंच करायचं. खालून खूण आल्याशिवाय वरच्यानं बोट हलवायचं नाही, हा त्या धंद्यातला पहिला धर्म आणि शेवटचाही.

या वखारीत ती खूण म्हणजे मावशीची शीळ. चुन्यानं रंगवलेल्या एका दगडावर ती उभी राहायची. हातात झुलता ओंडका सरळ ठेवायचा दोर, त्यामुळे बोटं तोंडात घालायची सोय नाही. शीळ नुसती ओठाजिभेची, पण करवतीच्या घरघराटातून अशी आरपार जायची की जणू लोण्यातून तार. खालून वर चढत गेली की उचल. वरून खाली घरंगळली की सोड. मध्येच तुटली की थांब.

वर बसणारा माणूस तिचा नवरा. त्याला बोलायचा फार कंटाळा. लग्नात नाव घ्यायला उभा केला तर घसा खाकरून परत खाली बसला होता म्हणतात. पण क्रेनला एक भोंगा होता आणि त्या भोंग्यावर हा माणूस नुसता कवी होता. मावशीच्या शिळेला तो भोंग्यानं उत्तर द्यायचा. आखूड म्हणजे हो. दोन आखूड म्हणजे हो गं बाई, ऐकलं. लांबट, शेपटी ओढलेला म्हणजे आज भाजीत मीठ जास्त होतं. वखारीतल्या कुणालाही दुपारपर्यंत कळायचं की आज घरात काय चाललंय. लोकांनी त्याचं नाव भोंगाकाका ठेवलं आणि त्यालाही ते पटलं, कारण हाक मारल्यावर उत्तर द्यायची अपेक्षाच कमी झाली.

आणखी एक शीळ होती, कामाबाहेरची. दोन टिचक्या आणि एक लांब लकेर. तिचा अर्थ, मी इथंय, जेवायला ये. करवत बंद व्हायची, ही शीळ जायची आणि भोंगाकाका शिडीवरून उतरायचा. इतक्या वर्षांच्या संसारात ‘अहो, जेवायला चला’ हे वाक्य मावशीनं तोंडानं कधी म्हटलंच नव्हतं.

मग दात गेले.

एकदम नाही गेले. पाहुणे उठतात तसे गेले, एक उठला की दुसऱ्याला घड्याळ दिसतं. हिरड्यांतून रक्त यायचं, तिकडे मावशीनं लक्ष दिलं नाही. दात हलायला लागले तेव्हा जिभेनं हलवून बघायचा चाळा लागला. पन्नाशी उलटली तसं तोंडाचं बोळकं झालं, आणि शिळेच्या जागी निघू लागलं नुसतं फुस्स, सायकलच्या ट्यूबमधून निघावं तसं. वर भोंगाकाका कान टवकारून बसलेला, खाली मावशी फुसफुसतेय, आणि मध्ये ओंडका अधांतरी.

कुणीतरी स्वस्तात कवळी करून दिली. वरची टाळूला चिकटून कशीबशी राहायची. खालची मात्र वरातीत आल्यासारखी नाचायची. तरी मावशीनं एका सकाळी दगडावर उभं राहून छाती भरून श्वास घेतला आणि सगळा जीव लावून फुंकलं. शीळ नाही निघाली, कवळी निघाली. हवेत एक सुंदर कमान करून ती थप्पीत पडली, ओंडक्यांच्या फटीत घरंगळली आणि दिसेनाशी झाली. चार माणसं पालथी पडून शोधत होती. संध्याकाळी तो लॉट ट्रकमधून गेला. ती कवळी कुठल्या गावी कुणाच्या तुळईशेजारी हसत पडली असेल, ते त्या घरातल्यांनाच ठाऊक.

मुकादम हसला, मग गंभीर झाला. त्यानं दोन वॉकीटॉकी आणले. एक भोंगाकाकाला दिला, एक स्वतःच्या कमरेला लावला. मावशीच्या हातात रंगाचा डबा आणि ब्रश आला, ओंडक्यांच्या तोंडाला खुणा करायला. मुकादमाला त्या यंत्राचा इतका सोस की पाणी मागवतानाही ‘पाणी आण, ओव्हर’ म्हणायचा. भोंगाकाकाला आणि यंत्राला मात्र एकमेकांचा बारावा चंद्र. बोलायचं असेल तेव्हा बटण दाबायचं आणि ऐकायचं असेल तेव्हा सोडायचं, एवढंच होतं ते. हा बरोबर उलटं करायचा. ऐकताना घाबरून बटण आवळून धरायचा, त्यामुळे त्याला काहीच ऐकू यायचं नाही. उत्तर द्यायची वेळ आली की बटण सोडून ‘हं’ म्हणायचा, जे कुणालाच ऐकू यायचं नाही. ओंडके वाकडे बसू लागले. मुकादमानं दोनदा ताकीद दिली आणि तिसऱ्यांदा मालकाचं नाव घेऊन सांगितलं, की नदीपलीकडच्या वखारीतून एक पोरगा येतोय, यंत्रावर तयार झालेला. तो वर बसेल. काका तिकडे जातील, तिकडची क्रेन लहान आहे, डोळ्यासमोरचंच काम, खूण लागत नाही.

म्हणजे मावशी इकडे आणि हा तिकडे. वर भोंगा नाही, खाली शीळ नाही. घरी तर हा माणूस तसाही भिंतीच्या बरोबरीनं बोलायचा. मावशीनं त्या रात्री अंथरुणात पडल्या पडल्या विचार केला, की दोघं म्हातारे होऊन समोरासमोर बसलोय आणि कुणालाच काही सांगता येत नाहीये. ती उठून बसली.

“मला शीळ पाहिजे,” दुसऱ्या दिवशी ती दाताच्या डॉक्टरीणबाईंना म्हणाली.

दवाखाना वखारीच्या बरोबर समोर होता, रस्त्यापलीकडे, पहिल्या मजल्यावर. डॉक्टरीणबाई तरुण, हुशार आणि भलत्याच गंभीर. भुसा आणि आवाज नको म्हणून त्या खिडकी कायम लावून ठेवायच्या. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला होता, की नव्या दातांनी तुम्हाला काय काय करता यायला हवं. लोक सांगायचे, पेरू खायचाय, लग्नात फोटो काढायचाय. शीळ कुणी मागितली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुसला आणि ते तसंच लिहून घेतलं.

मग त्यांनी जबड्याचा फोटो काढून पडद्यावर लावला. दात गेले की खालचं हाड रिकामटेकडं होतं आणि झिजतं, असं त्यांनी समजावलं. मावशीचं तर हिरड्यांच्या दुखण्यानं आधीच पोखरलं होतं. कवळी बसायला उंचवटा लागतो, इथं सपाट मैदान झालं होतं.

“म्हणजे बांधच वाहून गेला म्हणा,” मावशी म्हणाली.

“हो. आधी भर घालू. हाडाची भुकटी हिरडीखाली भरायची, ती मुरू द्यायची. मग त्यात स्क्रू रोवायचे, ते हाडात रुजू द्यायचे. मग त्यांच्यावर दात. हे उडून जाणार नाहीत.”

“आणि शीळ?”

“ते मी आत्ता सांगू शकत नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि या खरेपणावर मावशी भाळली.

नणंदेला ही बातमी लागली तशी ती पाटावर बसायच्या आधीच सुरू झाली. या वयात जबड्यात खिळे ठोकून घ्यायचे म्हणजे घराला रंग नाही आणि उंदराच्या बिळाला तोरण. दात आले तर काय सोन्याचे घास खाणार का. मावशी म्हणाली, “वन्सं, तुमच्या भावाला जेवायला बोलवायचंय.” नणंदेला त्यातलं काही कळलं नाही, म्हणून ती आणखी रागावली. पैसे घराच्या गिलाव्यासाठी ठेवलेले होते. भोंगाकाकानं भिंतीकडे बघितलं, बायकोकडे बघितलं आणि ‘हं’ म्हणाला. भिंती काय, बिनगिलाव्याच्याही उभ्या राहतात.

मुकादम हट्टी होता पण वाईट नव्हता. त्यानं मालकाला गळ घातली. ठरलं असं, की दात बसेपर्यंत पोराला थांबवतो. दात बसून शीळ आली तर ठीक, नाही आली तर काका नदीपलीकडे.

पुढचे महिने मावशीला आयुष्यात सगळ्यांत जड गेले, आणि ते दुखण्यामुळे नाही. भुकटी भरल्यावर डॉक्टरीणबाईंनी बजावलं, की फुंकायचं नाही, चोखायचं नाही, तोंडात हवेचा दाब आणायचा नाही. चहासुद्धा आपोआप निवू द्यायचा. मावशी चहाच्या कपासमोर हात बांधून बसायची, ध्यानाला बसल्यासारखी. वखारीत दुपारी करवत थांबली की वरून एक आखूड भोंगा यायचा. उत्तर जायचं नाही. थोड्या वेळानं अजून एक यायचा. मग मावशी रंगाचा ब्रश वर करून हलवायची, पण थप्पीआडून तो ब्रश कुठला दिसायला. काका आपला अंदाजानं उतरायचा, कधी जेवण निवल्यावर, कधी डबा उघडायच्या आधी.

भुकटी मुरली. स्क्रू रोवले. तेही रुजले. डॉक्टरीणबाईंनी एका छोट्या दांडीनं त्यावर टकटक करून ऐकलं आणि सुतारानं चांगल्या शिसवीवर थाप मारावी तसा त्यांचा चेहरा खुलला. मग मापं गेली आणि कारागिराकडून वरचे-खालचे कच्चे दात आले. कच्चे म्हणजे मेणात बसवलेले, तोंडात घालून बघायचे, मेण तापवून इकडेतिकडे करायचे, पसंत पडले की मग पक्के. मावशीनं आरशात बघितलं. इतके सरळ आणि पांढरे दात तिच्या सात पिढ्यांत कुणाचे नव्हते.

तिनं श्वास घेतला. फुंकलं. फुस्स.

डॉक्टरीणबाईंनी खालचे दात जरा उंच केले. फुस्स. जरा आत घेतले. फुस्सच, पण आता ओलं. त्यांनी विचारलं की पूर्वी शीळ घालताना जीभ नेमकी कुठं असायची. मावशी विचारात पडली. जीभ तोंडात असायची एवढं तिला नक्की माहीत होतं. चालताना गुडघा केव्हा वाकवता असं तुम्हाला विचारलं तर तुम्ही पडालच की नाही, असं तिचं म्हणणं पडलं. डॉक्टरीणबाईंना ते पटलं. जीभ कुठं जाते ते बघायला त्या स्वतः शीळ घालायला गेल्या. चष्म्यावर थुंकी उडाली, बाकी काही नाही. त्यांनी सिस्टरला विचारलं. सिस्टरला फक्त श्वास आत ओढताना शीळ यायची, ती उपयोगाची नव्हती. मग डॉक्टरीणबाईंनी दार उघडून बाहेर बसलेल्या पेशंटांना विचारलं, कुणाला शीळ येते का.

दाताच्या दवाखान्यात बसलेली माणसं मुळात घाबरलेली असतात. त्यांना काहीतरी करायला मिळालं. सुजल्या गालाचा टॅक्सीवाला एका बाजूनं फुंकू लागला. एक निवृत्त मास्तर होते, त्यांचा ओठ इंजेक्शननं बधिर झालेला. ते फार शिस्तीत, ताठ बसून प्रयत्न करत होते आणि त्यांचा ओठ लोंबकळत गप्प होता. एक बाई आपली मुलगी सोबत होती म्हणून आधी लाजल्या, मग लग्नाआधी येत होती म्हणाल्या आणि खरंच एक चिमणीएवढी शीळ काढून दाखवली. डॉक्टरीणबाई हातात टॉर्च घेऊन एकेकाच्या तोंडात डोकावत फिरत होत्या, पुन्हा घाला, आ न करता, हां. मावशी खुर्चीत बसून हे बघत होती आणि हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ‘दात काढू नका मावशी,’ डॉक्टरीणबाई बाहेरून ओरडल्या, ‘मेण मऊ आहे.’

त्या दिवशी काही जमलं नाही. दुसऱ्या खेपेलाही नाही. तिसऱ्या खेपेला मुकादमाचा निरोप आला होता, की पोरगा आता फार दिवस थांबत नाही.

त्या दुपारी उकाडा होता. मेण तापवायला दिवा पेटवलेला, ज्योत हलू नये म्हणून पंखा बंद. घुसमटायला झालं म्हणून सिस्टरनं कधी नव्हे ती खिडकी सताड उघडली. समोर वखार, क्रेनचा लांब हात आकाशात. त्या दिवशी वखारीत ओंडक्यांचं काम नव्हतं. मुकादमासाठी पत्र्याची नवी केबिन आली होती, ती फाटकाजवळून आतल्या कोपऱ्यात हलवायची होती. तिला चारी बाजूंनी साखळ्या लावून आकडा अडकवून ठेवला होता आणि मुकादमाच्या खुणेची वाट बघत भोंगाकाका वर बसला होता.

डॉक्टरीणबाई पाठमोऱ्या होऊन दिव्यावर सुरी तापवत होत्या. मावशी हट्टाला पेटली. आत्याचा धपाटा आठवला, नदीपलीकडची क्रेन आठवली आणि तिनं जीभ पुढच्या दातांवर अशी रेटली की मऊ मेणात वरचा एक दात केसभर बाजूला सरकला. दोन दातांमध्ये बारीकशी फट पडली. आरशात न दिसणारी, पण हवेला पुरेशी.

आणि शीळ निघाली.

ट्रेमधली हत्यारं किणकिणली. डॉक्टरीणबाईंच्या हातून सुरी पडली. ती शीळ खालून वर चढत गेली, खिडकीतून बाहेर पडली, रस्ता ओलांडला आणि वखारीवरून फिरली. मावशीनं काही ठरवलं नव्हतं. एवढी वर्षं रोज सकाळी जी पहिली शीळ घालायची, तीच सवयीनं बाहेर पडली. उचल.

भोंगाकाकाच्या डोक्याला कळायच्या आत हाताला कळलं. दीड वर्ष जी खूण ऐकू आली नव्हती ती आली, आणि हातानं दांडा ओढला. पत्र्याची केबिन झोपेतून उठल्यासारखी हलली आणि गुपचूप वर गेली.

केबिनमध्ये मुकादम होता.

तो आपला वॉकीटॉकी आत खुंटीला विसरला होता, तो घ्यायला गेला होता. केबिन दोन पुरुष उंचीवर जाऊन मंदपणे गोल फिरू लागली आणि प्रत्येक फेरीला खिडकीतून मुकादमाचं तोंड दिसायचं, एकदा नाकापासून, एकदा कानाकडून. त्यानं यंत्र तोंडाशी धरलेलं होतं. खाली घे, ओव्हर. खाली घे म्हणतो ना, ओव्हर. वर भोंगाकाकानं घाबरून आपल्या यंत्राचं बटण घट्ट आवळून धरलं होतं. त्याला काही ऐकू येणं शक्य नव्हतं. आणि खूण आल्याशिवाय तो बोट हलवणार नव्हता.

“मावशी,” डॉक्टरीणबाई खिडकीतून बघत म्हणाल्या, “ते वर गेले ते तुमच्यामुळे का?”

मावशीनं मान डोलावली आणि तिला हसू फुटलं. सिस्टर हसली, बाहेरचे पेशंट आत घुसून हसायला लागले, आणि शेवटी डॉक्टरीणबाईंचा गंभीरपणाही कोसळला. आता ज्याला शीळ येते त्याला विचारा, हसताना शीळ निघत नाही. ओठ आवळायला जावं तर ते कानाकडे पळतात. मावशी खिडकीशी उभी राहिली, तोंड चंबू केलं, आणि केबिनच्या खिडकीतून मुकादमाचं तोंड पुन्हा फिरून आलं. चंबू फुटला.

“दात सरकेल, फट जाईल,” डॉक्टरीणबाई डोळे पुसत म्हणाल्या. त्यांनी सिस्टरला थंड पाणी आणायला लावलं. मावशीनं घोट तोंडात धरून ठेवला तसं मेण आवळलं, दात जागच्या जागी बसला. पाणी गिळलं. आता नुसतं हसू आवरायचं होतं. तिनं सासूचं मरण आठवून बघितलं. पण सासू जाताना नणंदेला म्हणाली होती, तू आता तरी गप्प बस, आणि ते आठवून मावशी पुन्हा वाकली.

तेवढ्यात भोंगा वाजला. आखूड. मग आणखी एक. मग एक लांब, जसा तिनं आजवर कधी ऐकला नव्हता, ज्यात मीठही नव्हतं आणि भाजीही.

तिनं वर बघितलं. भोंगाकाका क्रेनच्या केबिनमधून कमरेपर्यंत बाहेर वाकला होता. यंत्र त्याच्या गळ्यात लोंबत होतं. त्याला मुकादमाशी काही देणंघेणं नव्हतं. तो खाली चुन्याच्या दगडाकडे बघत होता. दगडावर कुणी नव्हतं. त्यानं थप्पीकडे बघितलं, फाटकाकडे बघितलं, पुन्हा दगडाकडे. एवढा मोठा माणूस, जत्रेत आई हरवलेल्या पोरासारखा शोधत होता.

मावशीचं हसू आपोआप ओठांवरून उतरलं. तिनं खिडकीच्या चौकटीला धरलं आणि फुंकलं. दोन टिचक्या, एक लांब लकेर. मी इथंय.

काकाची मान वळली. रस्ता ओलांडून, पहिल्या मजल्यावरच्या खिडकीपर्यंत ती सरळ आली आणि तिथं थांबली. दोघांमध्ये हवेत मुकादम फिरत होता, पण त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. मग मावशीनं दुसरी शीळ घातली, वरून खाली, सावकाश, जिना उतरावा तशी एकेक पायरी. केबिन उतरली. अंड्यावर कोंबडी बसावी इतक्या अलगद जमिनीवर टेकली. शेवटची, तुटकी. थांब. वरून दोन आखूड भोंगे आले. हो गं बाई, ऐकलं.

मुकादम दार उघडून बाहेर आला. पाय जरा वेगवेगळ्या दिशांना जात होते. त्यानं मान वर करून दवाखान्याच्या खिडकीकडे बघितलं. मग गळ्यातला आवाज गोळा करून म्हणाला, “दात बसले वाटतं, मावशी.”

“कच्चे आहेत अजून,” मावशी वरून म्हणाली.

“मग पक्क्यांनी काय करशील?” त्यानं विचारलं, आणि हातातला वॉकीटॉकी बंद केला.

नदीपलीकडचा पोरगा नदीपलीकडेच राहिला.

पक्के दात करायला कारागिराकडे गेले तेव्हा त्याचा फोन आला, की वरच्या पुढच्या दातांत फट दिसतेय, चुकून राहिली असणार, भरून टाकतो. डॉक्टरीणबाई त्याला इतक्या जोरात नाही म्हणाल्या की सिस्टर दचकली. नणंदेनं पक्के दात बघितले आणि म्हणाली, एवढं सगळं करून शेवटी फटच ठेवली का. मावशीनं उत्तर म्हणून तिच्या कानाजवळ एक छोटीशी शीळ घातली. नणंद आठवडाभर आली नाही.

मावशी पुन्हा चुन्याच्या दगडावर उभी राहिली त्या पहिल्या दिवशी काम सुटल्यावर दोघं घरी आले. जेवण झालं. भोंगाकाका बिनगिलाव्याच्या भिंतीला टेकून बसला होता. आढ्याकडे बघत म्हणाला, “थोडी बारीक झालीय.”

“नवे आहेत ना. रुळतील.”

“हं,” तो म्हणाला. आणि मग, न विचारता, स्वतःहून, “बारीकच बरी.”

मावशीनं भांडी घासायचं सोडून त्याच्याकडे बघितलं. एका दमात दोन वाक्यं. तिला वाटलं ताप-बीप आला की काय.

एवढ्यावर सगळं सुरळीत झालं असतं. पण इतके दिवस मावशीच्या तोंडात बघून बघून डॉक्टरीणबाईंनाही शीळ येऊ लागली होती. त्यांचं त्यांनाच कौतुक. एका सकाळी दिवा पेटवून, खिडकी उघडून, कुणाच्या तरी कवळीचं मेण खरवडत त्या आपल्या नादात गुणगुणल्यासारखी शीळ घालत होत्या. त्यांना ती एकच पाठ होती. दोन टिचक्या, एक लांब लकेर.

समोरून लगेच भोंगा वाजला. आखूड, खुशीतला. आणि भोंगाकाका डबा खायला शिडीवरून उतरू लागला.

मावशी चुन्याच्या दगडावर उभी होती. दुपार व्हायला अजून अवकाश होता. तिनं आधी शिडीकडे बघितलं. मग सावकाश दवाखान्याच्या खिडकीकडे वळली, दोर खाली टाकला, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि अशी एक शीळ घातली की जी उचल नव्हती, सोड नव्हती, थांबही नव्हती. करवतीवरच्या माणसांनी तिचा अर्थ विचारल्यावर मुकादमानं सांगायला नकार दिला. काका शिडीवर मधल्या मध्ये थांबला.

समोरची खिडकी मात्र धाडकन बंद झाली, आणि काचेआड डॉक्टरीणबाई दोन्ही हातांनी कान धरून उभ्या असलेल्या साऱ्या वखारीनं पाहिल्या.